डिस्कचे पॅड घरीच बदलायचे म्हणतोय, कोल्हापूरचे उद्यमनगरवाले (गॅरेज-लेथवाले) बोला

रंकाळ्याचा वारा
मंडळी, नमस्कार. गाडी दीडशे सीसी, २०१७ ची. पुढं डिस्क, मागं ड्रम, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) नाही. आठवडा झाला, पुढचा ब्रेक दाबला की खर्रर्र असा आवाज येतोय, पाटीवर खिळा ओढल्यासारखा. काल रात्री मोबाइलची बॅटरी लावून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) फटीत डोकावलो. बाहेरच्या पॅडवर लायनिंग (झिजणारा थर) उरलेलंच नाही, पत्रा डिस्कला भिडायच्या बेतात आहे.

हे पॅड गेल्या दसऱ्याला एका गॅरेजात बदलून घेतले होते. त्यानंतर गाडी सात-साडेसात हजार किलोमीटर फिरली असेल. मिस्त्री म्हणतो, "तुम्ही ब्रेक लई मारताय." त्याच वेळी गाडी घरी आणली तेव्हा टाकीवर एक ओघळ दिसला. पुसला. दोन दिवसांनी तिथला रंग फुगला आणि पोपडा निघाला. विचारायला गेलो तर "आधीचाच आहे तो." तेव्हापासून डोक्यात आहे की हे काम आपलं आपण करावं.

घरात पान्यांचा सेट आहे, रविवार मोकळा आहे. ब्रेक ऑइल काढावं लागतं का? पॅड कुठले घ्यावेत? आणि बायको म्हणते, "बाकी काय खोलायचं ते खोला, ब्रेकला हात लावायचा नाही." तिला काय सांगू?

डबलसीट
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी शोधा. पहिले दोन सोपे आहेत.

आटेफाटे
काम अर्ध्या तासाचं आहे, पहिल्यांदा करताय म्हणून दीड तास धरा. ब्रेक ऑइल काढावं लागत नाही, पाइप कुठंही खोलायचा नाही. पाइप खोललात की हवा शिरते, मग तो वेगळा कार्यक्रम.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅडची पिन कॅलिपर गाडीवर असतानाच ढिली करून ठेवायची. लोक आधी कॅलिपर सोडवतात आणि मग तो एका हातात लोंबकळत धरून दुसऱ्या हातानं पिनशी कुस्ती खेळतात. पिनचं डोकं बहुतेक पाच नंबरच्या एलन कीचं असतं. त्या भोकात माती बसलेली असते. ती टाचणीनं उकरून काढा, की पार तळाला बसली पाहिजे. अर्धवट बसवून जोर लावलात की डोकं गोल झालंच म्हणून समजा, आणि मग उद्यमनगर गाठायचं.

पिन ढिली झाली की कॅलिपरचे दोन बोल्ट (१२ नंबर, काही गाड्यांना १४) काढायचे आणि कॅलिपर डिस्कवरून ओढून घ्यायचा. त्याला ब्रेकच्या पाइपवर लटकवू नका, सुतळीनं हँडलला बांधा. आता पिन पूर्ण काढा, पॅड खाली पडतील. आत पत्र्याची एक स्प्रिंग असते, ती कुठल्या तोंडानं बसली आहे त्याचा आधी फोटो काढा. नंतर कितीही आठवलं तरी आठवत नाही.

पिस्टन आत ढकलायच्या आधी त्याची बाहेर आलेली कड साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन घासा. ही पायरी सगळे गाळतात. ती माती तशीच आत ढकलली की सील खरवडतं. नंतर जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून अंगठ्यांनी हळूहळू दाबा. नवे पॅड, पिन, बोल्ट, झालं.

शिस्तप्रिय
माफ करा, पण ब्रेक हा जिवाशी संबंधित भाग आहे. अशी कामं अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या पुण्यात कुणी घरी ब्रेक खोलत बसत नाही.

धारोष्ण
पुण्यात ब्रेक मारायला तरी कुठं मिळतंय, गाडी हलली तर मारणार न्हवं? :)

बिडाचा माणूस
आतला पॅड किती उरला आहे? दोन्ही सारखे झिजलेत का?

धारोष्ण
आता माझं ऐका. तीन वर्सामागं म्या असंच युट्यूब बघून पॅड बदलल्ते. सगळं झ्याक झालं. हात धुतले, च्या पिलो, किक मारली आणि गल्लीतनं उतारावर गाडी सोडली. ब्रेक दाबला तर लिव्हर लोण्यात बोट घातल्यावानी सरळ मुठीला टेकली. परत दाबली, परत टेकली. खाली गंगावेशीत संध्याकाळच्या धारा चालल्या होत्या, लोक गिलास घेऊन हुबे. म्हशीच्या फऱ्यावर जाऊन आदळलो. म्हैस जाग्यावरनं हलली न्हाय. मडगार्ड माझं चंबललं. मालकानं एवढंच विचारलं, "दूध पायजे का?"

पिस्टन आत ढकलला की तो लांब राहतो भावांनो. नवे पॅड बसवल्यावर गाडी जाग्यावर हुबी असतानाच लिव्हर धा-पंधरा डाव दाबायची, हाताला दगडागत लागंपर्यंत. त्याच्या आधी किक मारायची न्हाय, चावी पण लावायची न्हाय. म्या तर आता चावी बायकूकडंच देतो आणि मग काम सुरू करतो.

डबलसीट
म्हणजे एबीएस होतं की तुमच्याकडं. अँटी बफेलो सिस्टिम.

आटेफाटे
हसून हसून पुरेवाट. पण धारोष्ण यांचा मुद्दा माझ्या प्रतिसादात राहिला होता, आणि या सगळ्या कामात जीव जाण्यासारखी जागा तेवढी एकच आहे. पुढचा एक महिना गाडीवर चिठ्ठी चिकटवा हवी तर.

उसाची मोळी
मी कसबा बावड्याची. माझ्या गाडीचे पॅड दोन वेळा मीच बदलले. पहिल्यांदा पप्पा शेजारी पाट टाकून बसल्ते, दुसऱ्यांदा ते गावाला गेल्ते म्हणून मी एकटीच बसलो.

एक सांगतो. पॅड बाहेर असताना ब्रेकच्या लिव्हरला कुणी हात लावायचा नाही. पहिल्या वेळी मी नवे पॅड धुवायच्या नादात होतो आणि माझा धाकटा भाऊ गाडीवर बसून व्रूम व्रूम करत लिव्हर दाबायला लागला. पप्पांनी ओरडायच्या आत पिस्टन निम्मा बाहेर. अजून दोनदा दाबली असती तर पिस्टन आणि ब्रेक ऑइल दोन्ही अंगणात. तेव्हापासून लिव्हर आणि मुठीच्या मध्ये लाकडाची खुंटी मारून ठेवतो, म्हणजे दाबलीच जात नाही.

आणि आमच्याकडं सीझनला रस्त्यावर उसाचं पाचट, ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल, वरनं मळीचा ओघळ. तो रेताड चिखल पॅड आणि डिस्कच्या मध्ये बसला की सँडपेपरच झाला की. शहरातल्या माणसाचे पॅड जेवढे जातात तेवढ्यात आमचे दुप्पट जातात. मिस्त्री प्रत्येकालाच "ब्रेक लई मारता" म्हणतो, त्यात काय नवीन नाही.

शिस्तप्रिय
उसाची मोळी, तुम्ही "बावड्याची" आणि "एकटीच" लिहिलंत, आणि लगेच "बसलो", "सांगतो"? टंकनदोष आहे का?

उसाची मोळी
दोष नाही दादा, कोल्हापूर आहे.

डबलसीट
+१०९. आणि शेवटचा ०९ कुठला ते कोल्हापूरच्या गाडीच्या नंबरप्लेटवर बघा.

गगनबावडेकर
पॅडवर एवढी चर्चा चालली आहे, पण ब्रेक ऑइलबद्दल कुणी बोलत नाही. माझी जुनी गाडी सात वर्षांत एकदाही ऑइल न बदलता फिरली. पॅड मात्र दरवेळी नवे. एकदा मे महिन्यात मी आणि मेहुणा, मागं आंब्याची पेटी आणायची म्हणून रिकामी क्रेट बांधून, करूळ घाटातनं वैभववाडीला उतरत होतो. गाडी न्यूट्रलवर, पेट्रोल वाचवायचं म्हणून. निम्म्या घाटात पुढची लिव्हर मऊ झाली, दोन वळणांनंतर पार मुठीला. मागच्या ड्रमवर आणि पायांवर कशीबशी थांबवली. कॅलिपरवर पाणी टाकलं तर चर्र वाजलं. वीस मिनिटं झाडाखाली बसलो, आणि लिव्हर आपोआप परत कडक. मेहुणा म्हणाला, देवाची कृपा.

कृपा कसली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ ऑइल ताजं असताना निदान २३० अंशाला उकळतं, पाणी मुरल्यावर तोच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि आपली ताकद पॅडपर्यंत पोचतच नाही. गार झालं की वाफ जिरते आणि ब्रेक परत येतो. आमच्याकडच्या पावसाळी हवेत तर दोन वर्षांनी ऑइल बदलाच. आणि घाटात ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. हे आजोबा सांगायचे, पण ते एसटीबद्दल सांगत होते म्हणून मी ऐकलं नव्हतं.

मिसळीतला पाव
करूळला उतरायच्या आधी गगनबावड्यात मिसळ कुठं चांगली मिळते?

गगनबावडेकर
स्टँडच्या बाजूला. पण तुम्ही कोल्हापुरातनं गगनबावड्याला मिसळ खायला जाणार?

मिसळीतला पाव
पंचावन्न किलोमीटर म्हणजे काय लांब आहे? भूक लागायला अंतर पाहिजे.

फडतरे गल्लीतला
कोल्हापूरच्या बाहेर मिसळीला कट नसतो, नुसतं पाणी असतं.

धागानियंत्रक
मिसळीचा धागा वेगळा आहे, आधीच ४०० च्या वर प्रतिसाद झालेत, तिकडं जा. इथं पॅडच.

ग्रीसचे हात
माझं गॅरेज हाय, नाव-गाव सांगत न्हाय. धागा कालपासनं वाचालोय. मिस्त्री लोकांवर राग काढा, पण एक बाजू ऐका.

सकाळी धाला गाडी येती, बारापर्यंत पायजे म्हणतंय गिऱ्हाईक. माझ्याकडं अशा धा गाड्या. पॅड बदलायची मजुरी मी शंभर रुपय घेतो, त्यात पण घासाघीस. शंभरात मी पिन काढतो, जुने पॅड टाकतो, नवे घालतो, पंप मारतो, गाडी भाईर. पिस्टन घासणं, स्लाइडच्या पिना (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो त्या) काढून साफ करून ग्रीस लावणं, ह्ये खरं काम. त्याला पाऊण तास लागतो आणि त्याचे पैसे कोण देत न्हाय. माझ्या सोताच्या गाडीचं मी करतो. गिऱ्हाइकाच्या गाडीचं, खोटं कशाला बोलू, सगळ्यांच्या गाडीचं न्हाय करत.

त्यामुळं घरी करायचं म्हणता तर करा. रविवार सगळा तुमचा हाय, आमच्यापेक्षा नीट कराल. फकस्त एक. बोल्ट आवळताना पैलवानकी दावू नका. कॅलिपरचा बोल्ट शॉकच्या अॅल्युमिनियममध्ये बसतो. लांब पाना घेऊन अंगात आल्यागत आवळलं की आटे गेले. मग शॉकचा खालचा भाग उतरवून लेथवाल्याकडं, बुश मारून परत आटे पाडायचे. महिन्याला एकतरी असा "घरी केलेला" माझ्याकडं येतो, आणि त्याची मजुरी शंभर नसती.

टाकीवर ओघळ पडला ती चूकच हाय. पाणी मारायला पायजे होतं लगेच. ब्रेक ऑइल रंग खातंय ह्ये आमच्या बारक्या पोराला पण म्हाईत असतंय.

आटेफाटे
ग्रीसचे हात, तुमच्यासारखं खरं बोलणारा मिस्त्री पहिल्यांदा भेटला. गॅरेज कुठं आहे ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

ग्रीसचे हात
न्हाय. मग समदे म्हणणार स्लाइडच्या पिना साफ करा.

नवखा १२५
माझ्या गाडीला एबीएस आहे, मग घरी करता येतं का? आणि सगळ्या गाड्यांना एबीएस असतं ना आता?

आटेफाटे
१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सिस्टिम चालेल असं तेव्हा ठरलं. पॅड बदलायची रीत तीच. फक्त चाकाजवळची सेन्सरची वायर आणि भोकं असलेली ती रिंग, त्यांना धक्का लावू नका.

सिंटर्ड
सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-भाजून केलेले) पॅड घ्या, चिखलपाण्यात त्यांना तोड नाही. स्वस्तातले ऑरगॅनिक (तंतू आणि राळेचे मऊ पॅड) म्हणजे पुठ्ठा.

उसाची मोळी
पुठ्ठा कसा? कंपनीनं ऑरगॅनिक दिले असतील तर डिस्क पण त्या हिशेबानं दिलेली असते. माझ्या चुलतभावानं कंपनीचे काढून कडक पॅड घातले. ब्रेक मस्त लागायचा, पण डिस्कवर बोट फिरवलं की वाडग्यासारखी खळगी लागायला लागली. पॅड तीन-चारशेला, डिस्क कितीला?

सिंटर्ड
बरं, रोजच्या वापराला कंपनीचे. पण डुप्लिकेट नको. होलोग्राम बघून घ्या.

बिडाचा माणूस
छत्तीस वर्षं फाउंड्रीत काढली, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

आमच्या शिरोलीच्या बाजूला कारच्या डिस्क आणि ड्रम ओतले जातात ते बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे. मोटरसायकलची डिस्क मात्र बिडाची नसते, ती स्टेनलेस पत्र्यातून कापून कडक केलेली असते. बीड पावसात एका रात्रीत तांबडं होतं. कारची डिस्क चाकाआड लपलेली, मोटरसायकलची सगळ्यांच्या नजरेसमोर. गंजकी डिस्क घेऊन शोरूममधून कोण निघेल? तुमच्या डिस्कवर बारीक अक्षरात किमान जाडी कोरलेली असते, साधारण साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. पॅड काढलेच आहेत तर तेवढी मोजून घ्या. मोजताना कड सोडून मोजा, कडेला झीज नसते, ती फसवते.

आता पिस्टनबद्दल. लोकांना वाटतं पिस्टनला मागं ओढायला आत स्प्रिंग असते. काही नसतं. पिस्टनच्या भोवती चौकोनी काटछेदाची एक रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढं सरकतो आणि रिंग त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते. सोडला की पीळ उलगडतो आणि पिस्टनला केसभर मागं घेतो. तेवढ्यानं पॅड सुटा होतो. पॅड झिजला की पिस्टन रिंगेतून थोडा पुढं घसरतो आणि नव्या जागी बसतो. म्हणून डिस्क ब्रेक ड्रमसारखा नट फिरवून अॅडजस्ट करावा लागत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पिस्टन जेवढा पुढं, तेवढं त्याच्या मागं जास्त ऑइल लागतं, म्हणून पॅड झिजत जातात तशी हँडलवरच्या डबीतली पातळी उतरते. ती उतरली म्हणून लोक वर ऑइल भरतात. ते भरू नका. नवे पॅड घालताना पिस्टन आत गेला की ते सगळं ऑइल परत वर येणार आणि झाकणातून टाकीवर सांडणार.

दुसरी गोष्ट मी परवाच विचारली होती आणि म्हशीच्या मागून ती वाहून गेली. तुमच्या गाडीचा कॅलिपर सरकता असणार. पिस्टन एकाच बाजूला, बाहेरच्या. तो बाहेरचा पॅड ढकलतो, आणि त्याच्या उलट जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून आतला पॅड डिस्कवर ओढतो. त्या पिना अडकल्या तर सगळं काम बाहेरचा पॅड एकटाच करतो. मूळ पोस्टमध्ये फक्त बाहेरच्या पॅडचं लिहिलं आहे. आतला किती उरला आहे?

डबलसीट
काका, तुम्ही पहिल्याच दिवशी एवढं लिहिलं असतंत तर आम्ही म्हशीपर्यंत गेलोच नसतो.

बिडाचा माणूस
विचारलं होतं.

रंकाळ्याचा वारा
मंडळी, रविवारी काम केलं. सगळं सांगतो, माझ्या मूर्खपणासकट.

पॅड कंपनीचेच घेतले, तीनशे ऐंशीला. सकाळी आठला अंगणात बसलो. आटेफाटे यांच्या सांगण्याप्रमाणं पिन आधी ढिली केली. भोकातली माती उकरायला टाचणी मोडली, मग बायकोच्या शिवणाच्या डब्यातली मोठी सुई घेतली (हे तिला माहीत नाही). उसाची मोळी यांची खुंटी मारली लिव्हरखाली. सुतळी बांधली. पॅड खाली पडले.

दोन्ही उचलून शेजारी-शेजारी फरशीवर ठेवले आणि बिडाचा माणूस यांचा प्रतिसाद आठवून पोटात गोळा आला. बाहेरच्या पॅडवर पत्रा चकाकत होता. आतल्यावर अजून तीन मिलिमीटर लायनिंग शाबूत, मधली खाचसुद्धा स्पष्ट दिसत होती. कॅलिपर हातानं सरकवून बघितला, हलेचना. जोर लावल्यावर कर्र करून जेमतेम बोटभर आला. रबरी बूट मागं सारला तर एक पिन तांबूस, तिच्यावर ग्रीसचं वाळून खरूज झालेलं.

मग आठवलं. २०२१ च्या जुलैत महापुरात गाडी नागाळा पार्कात एका मित्राच्या पार्किंगमध्ये होती. दोन दिवस पाणी अॅक्सलच्या वर. नंतर इंजिनचं ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला, सीटसुद्धा वाळवली. कॅलिपरकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही. त्यानंतर हे पॅडचे तिसरे जोड. प्रत्येक वेळी मी म्हणायचो डुप्लिकेट असतील.

पिन ओढून काढली, बारीक पॉलिश पेपर मारला, भोक कापड गुंडाळलेल्या काडीनं पुसलं. ग्रीससाठी चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावायला निघालो होतो...

ग्रीसचे हात
न्हाय न्हाय न्हाय! साधं ग्रीस लावलं की बुटाचं रबर फुगतंय आणि पिन परत अडाकती. सिलिकॉन ग्रीस पायजे. लावलं का काय?

रंकाळ्याचा वारा
नाही लावलं. दुकानदारानं पॅडबरोबर सिलिकॉनची छोटी ट्यूब दिली होती. मी तिला फेव्हिक्विक समजून बाजूला ठेवली होती. ट्यूबवर लिहिलेलं वाचलं म्हणून वाचलो. आता कॅलिपर एका बोटानं मागंपुढं सरकतोय.

मूर्खपणाचा भाग आता. बिडाचा माणूस यांचा प्रतिसाद यायच्या दोन दिवस आधी मी डबीत ऑइल कमी दिसलं म्हणून वरपर्यंत भरून ठेवलं होतं. प्रतिसाद वाचूनही ते डोक्यातनं गेलं. पिस्टन दाबायला लागलो, झाकण ढिलं करून ठेवलेलं, आणि ऑइल कडेनं बाहेर. सरळ टाकीवर. बादली अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. पळालो, पाणी ओतलं, साबणानं धुतलं. तरी आज एका जागी रंग मवाळ झालेला दिसतोय, रुपयाएवढा.

म्हणजे टाकीवर आता दोन डाग आहेत. एक त्या मिस्त्रीचा, एक माझा. माझा मोठा आहे.

ग्रीसचे हात
:) इंजेक्शनच्या सिरिंजनं निम्मं ऑइल आधी काढून घ्यायचं, आणि टाकीवर ओलं फडकं टाकायचं. शंभर रुपयात आम्ही ते पण करत न्हाय कधीकधी.

शिस्तप्रिय
मी आधी विरोध केला होता. पण स्लाइड पिनांचा हा प्रकार वाचून माझ्या गाडीचे पॅड बघितले. अधिकृत ठिकाणी दर चार महिन्यांनी सर्व्हिसिंग होते. तरीही आतला आणि बाहेरचा सारखा नाही. पुढच्या वेळी समोर उभा राहून करून घेणार.

धारोष्ण
पुण्याला म्हशी न्हाईत, जपून.

नवखा १२५
नवे पॅड घातल्यावर ब्रेक कमी लागतोय असं वाटतं का? माझ्या मित्राला वाटलं.

आटेफाटे
लागतोच कमी, पहिले शे-दोनशे किलोमीटर. पॅड आणि डिस्क एकमेकांवर घासून बसायला वेळ लागतो. त्या काळात हळूहळू दाबून वेग कमी करत राहायचं, मध्ये गार होऊ द्यायचं. करकचून मारायचा नाही. आणि डिस्कला हाताचं ग्रीस लागलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसा. रॉकेल-डिझेल लावणारे महाभाग मी बघितलेत. तोंडानं भुकटी फुंकू पण नका, ती कशाची असते देव जाणे, ओल्या फडक्यानं पुसा.

उसाची मोळी
आणि वारा, तिसऱ्या प्रश्नाचं काय झालं?

रंकाळ्याचा वारा
विद्यापीठाच्या रस्त्याला चार दिवस सकाळी सहाला एकटाच फिरवली, पॅड बसवायला. मग रविवारी तिला म्हटलं, चल पन्हाळ्याला. गाडीवर बसायच्या आधी तिनं स्वतः पुढची लिव्हर दाबून बघितली. दोनदा. मग बसली. परत येताना वाघबिळाच्या उतारावर एक शब्द बोलली नाही, घरी आल्यावर म्हणाली, "माझी मोठी सुई कुठं आहे?"

डबलसीट
_/\_

बिडाचा माणूस
हजार किलोमीटर झाले की दोन्ही पॅड मोजा आणि इथं लिहा. पत्र्याची जाडी सोडून, नुसतं लायनिंग.

रंकाळ्याचा वारा
अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी. उद्यमनगरातनं व्हर्नियर उसना आणला. ११४० किलोमीटर झालेत. नवे असताना लायनिंग ४.५ होतं. आज बाहेरचा ४.१, आतला ४.२.

बिडाचा माणूस
ठीक.